दिपोटींचा शेरा

मागल्या मे महिन्यात खोताच्या वाडीत क्रूसापाशी रोझरी झाली, आणि ती संपल्यावर वाडीतील एका आजींनी आम्हांला आग्रहाने घरी नेले. बाहेरून लाकडी जिना, पुढे ओटा, आत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. वाडीतली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक वर्णन नको. आजी ऐंशीच्या पुढच्या, ईस्ट इंडियन, बोलण्यात तरतरीत. चहा होईपर्यंत त्यांनी कपाटातून दोन वस्तू काढून आमच्यापुढे ठेवल्या. एक त्यांचे स्वतःचे शाळेतील प्रगतिपुस्तक, आणि दुसरी त्यांच्या आईची, कडा झिजलेली वही.

प्रगतिपुस्तक इंग्रजीत होते. इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल, सर्वत्र वरचे गुण, हजेरी जवळजवळ पूर्ण, वर्तणूक उत्तम. वर्गात पारशी, गुजराती, गोवेकर, पाठारे प्रभू, बेने इस्रायली अशा सर्व मुली एका बाकावर बसत. "अख्खी मुंबई आमच्या वर्गात होती, फादर," असे आजी मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. वही मात्र त्यांनी आमच्या हातात देताना आवाज खाली केला. त्यांची आई वसईकडची. तिकडच्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकून लग्नानंतर गिरगावात आली. तिने स्वच्छ बाळबोध अक्षरात घरच्या मसाल्याची प्रमाणे लिहून ठेवली होती. आजी जन्मभर घरात मराठी बोलल्या. पण शाळेत दुसरी भाषा फ्रेंच होती, हिंदी आली ती शेवटी शेवटी, परीक्षेपुरती. छापील अक्षर त्यांना जोडून जोडून लागते. हाताचे अक्षर लागत नाही. हे त्रैमासिक त्यांच्या घरी येते, पण वाचून दाखवायला शेजारची सून लागते. "आईचे हे तेवढे वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

ती शाळा चांगली होती काय? शाळांच्या मूल्यमापनाचे जे तक्ते हल्ली आम्हा व्यवस्थापकांकडे येतात त्यांत अध्यापन कसे आहे, मुलांनी काय संपादन केले आणि मुले सुखरूप व आनंदी आहेत काय, अशा तीन बाबी मुख्य असतात. त्या तिन्ही बाबींत आजींच्या शाळेला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले असते. शिक्षिका निष्ठावान, निकाल उत्तम, सर्व धर्मांच्या मुली गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या. तरीही आईची वही मुलीला वाचता येत नाही. हा हिशेब कोठे चुकला, हे शोधत आम्ही गिरगावच्या शाळांच्या इतिहासात शिरलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खोताच्या वाडीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण नव्या पिढीतील वाचकांनी ती बहुधा छायाचित्रांतूनच पाहिलेली असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, असे वाडीच्या नावाचे मूळ सांगतात. एके काळी येथे ६५ घरे होती; आता तीसही उरलेली नाहीत. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे, जेथील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा. पलीकडे ठाकूरद्वार, थोडे पुढे गेले की कावेल. अशा मिश्र शेजारात शाळा निघाली की तिच्यात सर्व जातिधर्मांची मुले येणार, हे ओघाने आलेच.

आपल्या लोकांची पहिली शाळा धर्मग्रामाची. पोर्तुगीज अमदानीत वसई-साष्टीकडील चर्चना जोडून जो वर्ग भरे त्यात अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि गायन चाले. शिकविणाऱ्याला पोर्तुगीज भाषेत 'मेस्त्र' म्हणत. आज आपण सुताराला आणि गवंड्याला मेस्त्री म्हणतो तो शब्द तोच. मराठीने त्याला फळ्यापासून उचलून रंध्याकडे नेले. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे गेली आणि ह्या वर्गांची घडी विस्कटली. इतरांच्या मुलांसाठी पंतोजींची शाळा होती. धुळपाटीवर अक्षरे, पाढे, छडी, आणि पंतोजींचा निर्वाह पालकांच्या देण्यावर. मूल्यमापन करणारा एकच, मुलाचा बाप. हिशेब येऊ लागला की मूल शाळेतून उठे.

नव्या पद्धतीच्या शाळा मुंबईत प्रथम प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी काढल्या, हे आपण कॅथलिकांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ मध्ये येथे आले. त्यांनी मराठी शाळा उघडल्या, शिक्षक म्हणून बेने इस्रायली गृहस्थ नेमले, आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. पुढे १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट ह्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. १८३२ मध्ये विल्सन ह्यांनी गिरगावात आंब्रोली येथे इंग्रजी शाळा काढली. आजचे विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज ह्यांचे ते मूळ होय. हिंदू, पारशी, मुसलमान, यहुदी अशी मुले तेथे एकत्र शिकू लागली. आज ज्याला आपण बहुसांस्कृतिक शाळा असे भारदस्त नाव देतो ती गिरगावात तेव्हाच भरत होती.

आणि तिची पहिली खरी परीक्षा कोणा परीक्षकाने घेतली नाही, पालकांनी घेतली. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रकरण न्यायालयात गेले. पारशी समाज खवळला आणि मुले मोठ्या संख्येने शाळेतून काढून घेण्यात आली. शाळा तीच, शिक्षक तेच, पुस्तके तीच. उणा झाला तो विश्वास. त्यानंतर चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे १२, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. वडिलांनी दाद मागितली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. एवढ्यावर गोष्ट संपली नाही. मिशनच्या घरी राहून जेवलेल्या ह्या मुलाला पुन्हा पंक्तीस घ्यावे की नाही, ह्यावरून ब्राह्मण समाजात रणे माजली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला.

आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत; बाप्तिस्मा ही आमच्या दृष्टीने केवढी कृपा आहे हे सांगण्याची गरज नाही. पण त्या बारा वर्षांच्या मुलाला मधोमध उभे करून पाहावे. एका बाजूस गुरुजन, दुसऱ्या बाजूस बाप. मागे न्यायालय आणि पुढे शास्त्रीमंडळ. त्याच्या गणिताची, त्याच्या इंग्रजीची परीक्षा शाळेने घेतली असेलच. त्याच्या जिवाला काय वाटत होते हे विचारणारा रकाना कोणाच्याही वहीत नव्हता. मुलाचे पहिले शिक्षक आईबाप, हे तत्त्व दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्रात ठामपणे मांडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र आले. गिरगावातील आईबापांनी ते तत्त्व सव्वाशे वर्षे आधी, मुलांचा हात धरून घरी नेऊन, सांगून टाकले होते.

ह्याच काळात दुसरा वाद पेटला होता, तो भाषेचा. १८४० मध्ये मुंबई इलाख्यासाठी शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. पेरी साहेब विद्वान होते, ह्यात शंका नाही. त्यांचे मत असे की सरकारचा मर्यादित पैसा वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा. त्यांच्यासमोर मंडळाचे तीन हिंदी सभासद उभे राहिले: गिरगावचे जगन्नाथ शंकरशेठ, पारशी समाजाचे फ्रामजी कावसजी आणि मुसलमान समाजाचे महमद इब्राहिम मकबा. कर्नल जर्व्हिस त्यांच्या बाजूस होते. जर्व्हिसांनी गणिताची पुस्तके मराठीत आणण्यासाठी कष्ट घेतले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. नानांनी १ मे १८४७ रोजी आपले लेखी मत नोंदविले. इंग्रजीचे त्यांना वावडे नव्हते, एल्फिन्स्टनच्या शिक्षणाचे ते आधारस्तंभच होते. पण बहुजनांच्या मुलांपर्यंत विद्या पोहोचावयाची तर ती त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, असा त्यांचा आग्रह होता. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, तिघांच्या घरच्या चालीरीती वेगळ्या, आणि तिघे मिळून मातृभाषेतील शाळेच्या बाजूने उभे! बहुसांस्कृतिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा हे समीकरण आज आपल्याला सहज वाटते. ह्या तिघांना ते वाटले नव्हते. सरकारने पुढे मधला मार्ग काढला, पण इंग्रजीचे पारडे वर्षागणिक जड होत गेले. नानांनी मात्र बोलण्यावर भागविले नाही. १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी, ज्यांत दादाभाई नौरोजी होते, मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा मराठी मुलींच्या शाळेला नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. ते तरुण सकाळी, आपले काम सुरू होण्यापूर्वी, बिनपगारी शिकवीत.

आता दिपोटींकडे वळू. १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान, म्हणजे ग्रांट, देण्याचे धोरण ठरविले. धर्म कोणता हे सरकार पाहणार नव्हते. ऐहिक विषय नीट शिकविले जातात की नाही एवढेच पाहणार होते. १८५५ मध्ये शाळाखाते निघाले आणि शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर आले. मराठी माणसाने त्यांचे 'दिपोटी' केले. १८६५-६६ च्या सुमारास मुंबई इलाख्यात निकालावर ग्रांट ही पद्धत सुरू झाली. मूळ विलायतेतले. तेथे १८६२ मध्ये तसे नियम झाले होते. त्याचा व्यवहार असा: तपासणीच्या दिवशी प्रत्येक मूल दिपोटींसमोर उभे राहावयाचे. वाचन, लेखन, गणित, ज्या विषयात मूल उतरेल त्या विषयाचे ठरलेले पैसे शाळेच्या खाती जमा. मूल नापास, तर पैसे नाहीत. मूल त्या दिवशी तापाने घरी निजले, तर मास्तरांनी वर्षभर घेतलेले कष्टही त्याच्याबरोबर निजले.

वाचकहो, ह्या व्यवस्थेची चेष्टा करणे सोपे आहे, आणि तिची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारचा पैसा लोकांचा होता. तो कोणाच्या शिफारशीवर न देता मुलांना काय येते हे पाहून द्यावा, ह्यात न्याय होता. कागदावर मुले आणि प्रत्यक्षात रिकामे बाक, असे प्रकार तेव्हाही होते. आणि आपल्या महाराष्ट्राला ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवत असेल. शाळाशाळांतून मुले मोजली तेव्हा पटावरची किती नावे हवेतली निघाली ते सर्वांनी वाचले. तेव्हा तपासनीस नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. पण निकालावरच्या ग्रांटने शाळेचे मन कसे घडविले ते पाहावे. ज्या विषयाला पैसा त्याची घोकंपट्टी. ज्याला नाही तो विषय मागे. मंद मुलाकडे मास्तर ओझे म्हणून पाहू लागले. विलायतेत कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी आपल्याच खात्याच्या ह्या पद्धतीवर वर्षानुवर्षे टीका केली. शिकविणे यांत्रिक झाले, ही त्यांची तक्रार. शतक संपण्यापूर्वी विलायतेने ती पद्धत टाकली. आपल्याकडे लॉर्ड कर्झन ह्यांच्या अमदानीत, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर, ती मागे पडली.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे अनेकांनी साक्षी दिल्या. त्यांत जोतीराव फुले ह्यांचे निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चे आहे. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, स्वतः शाळा काढून चालविलेले. त्यामुळे त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते. प्राथमिक शाळांच्या तपासणीविषयी त्यांनी जे सुचविले ते वाचून आम्ही थक्क झालो. दिपोटी वर्षातून एकदा येऊन जातात त्याचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहावी, आणि शिवाय केव्हा तरी आगाऊ वर्दी न देता जावे, असे त्यांचे म्हणणे. वर्दी देऊन पाहिलेली शाळा ही शाळा नसतेच, ती लग्नघर असते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. (आमच्याकडेही अधिकारी यावयाचे असले की आदल्या दिवशी व्हरांड्यात कुंड्या येतात. त्या कोठून येतात आणि नंतर कोठे जातात हे शिपायालाच ठाऊक.)

आपल्या कॅथलिक शाळा ह्याच ग्रांटच्या काळात वाढल्या. प्रोटेस्टंट शाळांत मुले पाठविण्याची आपल्या धर्मगुरूंना धास्ती होती, आणि दुसरीकडे नोकऱ्यांसाठी इंग्रजी हवे होते. जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स उभे केले. धर्मभगिनींनी मुलींच्या शाळा काढल्या. धर्मग्रामांनीही मागोमाग चर्चच्या आवारात शाळा उघडल्या. ह्या शाळांनी शहरावर जे उपकार केले ते येथे सांगत बसण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या साक्षी ह्या शहरातील प्रत्येक धर्माच्या घरात मिळतील. पण एक विचित्र गोष्ट घडली. ज्या धर्मशिक्षणासाठी आपण शाळा काढल्या त्याला ग्रांट नव्हती, तरी ते आपण पदरमोड करून शिकविले, सोडले नाही. आपल्या मुलांच्या मराठीला मात्र आपण तेवढेही जपले नाही. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी आपल्या उत्तर कोकणी कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि असोसिएशन स्थापन केली. नोकऱ्यांत गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण निराळे, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, हे दाखविण्याचा हेतू होता. नाव इंग्रजी, अर्ज इंग्रजी, नोकरी इंग्रजी. घरात मात्र चुलीपाशी मराठी. शाळेने चुलीकडे पाहिले नाही आणि चुलीनेही शाळेला काही विचारले नाही. १८९६ च्या प्लेगने गिरगाव-कावेलची कित्येक कुटुंबे वांद्र्याकडे आणि साष्टीच्या बाजूस गेली. तिकडेही पुढे हीच रीत चालली. वसईकडे धर्मग्रामांच्या मराठी शाळा टिकल्या, म्हणून तेथे आज मराठीतून लिहिणारे कॅथलिक लेखक आहेत. गिरगावात वाडी आहे, क्रूस आहे, आणि वही न वाचता येणाऱ्या आजी आहेत.

ह्यात कोणाला दोषी धरावे? आईबापांना म्हणावे तर त्यांनी मुलांच्या पोटाचा विचार केला. धर्मगुरूंना म्हणावे तर त्यांनी आईबापांचे ऐकले. दिपोटींच्या वहीत घरच्या भाषेचा रकाना नव्हता. राज्यघटनेत १९५६ मध्ये ३५० अ हे कलम आले आणि अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले गेले. पण ज्याची मातृभाषा राज्याचीच भाषा आहे आणि तरीही शाळेत ती भेटत नाही, अशा मुलाचा विचार त्या कलमाला तरी कसा सुचावा? मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, उर्दू, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा अनेक माध्यमांतून चालत आल्या आहेत. त्या शाळांची निंदा करण्याची आपल्याकडे फॅशन आहे, पण मुलाला त्याच्या आईच्या भाषेत पहिले अक्षर दाखविण्याचे काम त्यांनी जेवढे केले तेवढे आपण केलेले नाही.

आता थोडे आमच्याविषयी. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले. प्रगतिपुस्तकावर सही कशी करावी हे शिकविले नाही. काही वर्षांपूर्वी उपनगरातील एका धर्मग्रामात शाळेची जबाबदारी आमच्याकडे होती. दुसरीतील एका मुलाविषयी शेरा होता: भाषेत कच्चा, वर्गात बोलत नाही. आम्ही नेहमीप्रमाणे सही केली. पंधरा दिवसांनी बाजारात तोच मुलगा भाजीच्या पाटीशी बसलेला दिसला. आईशी तेलुगू, शेजारणीशी मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि पावशेर-अर्धा किलोचे पैसे तोंडी, क्षणात. आम्हांला पाहताच तो गप्प झाला. तीन भाषा बोलणाऱ्या मुलाला आम्ही भाषेत कच्चा ठरविले होते, कारण चौथी भाषा शाळेची होती आणि मोजपट्टी तेवढ्याच भाषेची होती. त्या दिवशी आम्ही भाजी घेतली आणि काही न बोलता परतलो. शेरा शिक्षिकेचा असला तरी सही आमची होती.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. २०१० मध्ये महाराष्ट्राने त्याप्रमाणे वर्णनात्मक नोंदींची पद्धत आणली. प्रत्येक मुलाविषयी दोन वाक्ये तरी शिक्षकाने स्वतः पाहून लिहावीत, हा त्यामागील हेतू किती सुंदर! झाले काय, तर तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली आणि चाळीस मुले एकाच वाक्याने वर्णिली जाऊ लागली. २०१५ मध्ये शाळा सिद्धी आली. तिच्यात शाळेने स्वतःच स्वतःकडे पाहावयाचे असते, समाजाचा सहभागही मोजावयाचा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची देशव्यापी पाहणी झाली. ह्या पाहण्यांतून देशाचे, राज्याचे चित्र कळते, आणि ते कळलेच पाहिजे. एका मुलाचे चित्र त्यांतून मिळावे अशी अपेक्षा करणे मात्र गैर. विलायतेत तर तपासणी खात्याने संपूर्ण शाळेला एका शब्दाचा शेरा देण्याची रीत पाडली होती. २०२३ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या आत्महत्येनंतर त्यावर मोठा गदारोळ झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी ती रीत बंद करण्यात आली. निकालावरच्या ग्रांटचे भूत तेथे अशा रीतीने सव्वाशे वर्षे वावरत राहिले म्हणावयाचे.

आम्ही आता काय करतो, ते सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही. जोतीरावांचे ऐकून वर्दी न देता वर्गात जातो आणि मागल्या बाकावर बसतो. मधल्या सुट्टीत कोण कोणाशेजारी बसून डबा खातो ते पाहतो. निरनिराळ्या धर्मांची मुले एका पटावर असणे वेगळे, आणि एका डब्यात हात घालणे वेगळे. नवीन मुलाला घरी आजी कोणत्या भाषेत गोष्ट सांगते ते विचारतो, आणि शिक्षिकेला ते ठाऊक आहे काय हेही पाहतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुले काय सांगत येतात आणि त्यांचे ऐकून घेतले जाते काय, इकडे कान ठेवतो. आणि आपल्या धर्मग्रामातील ज्या मुलांच्या घरी मराठी बोलतात त्यांना शनिवारी तासभर मराठी वाचावयास बसवितो. सुरुवातीस काही पालकांनी विचारले, "फादर, ह्याचे गुण कोठे मिळतात?" कोठेच मिळत नाहीत, असे सांगितल्यावर निम्मी मुले गळाली. निम्मी राहिली.

असो. आजींच्या घरी चहा आला होता. आम्ही वही उघडली आणि वाचू लागलो. मे महिना, वाडीतल्या ओट्यांवर मिरच्या वाळत होत्या. काश्मिरी मिरच्या इतक्या शेर, धणे इतके, हळद, तीळ, खसखस, मोहरी. मग पावशेर, नवटाक, तोळे करीत दालचिनी, लवंगा, दगडफूल, नागकेसर. आजी प्रत्येक नावाला मान हलवीत होत्या. पुढे एका शब्दापाशी आम्ही थांबलो. अक्षरे अगदी स्वच्छ, पण शब्द आमच्या ओळखीचा नव्हता. आम्ही तो अक्षर अक्षर सुटे करून म्हटला: मा-य-प-त्री.

"मायपत्री!" आजी एकदम म्हणाल्या. "ती घालायचे मी चाळीस वर्षे विसरले, फादर. म्हणूनच आईच्या मसाल्याचा वास येत नव्हता." मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि कागद-पेन्सिल आणावयास सांगितले.